मोफत सरावाचे तास करारातच हवेत

देखभालीला पैसा नाही म्हणून साताऱ्यातील मैदाने व जलतरण तलाव दीर्घ मुदतीच्या कराराने खासगी भागीदाराकडे सोपवावेत, हे मत मला तत्त्वतः मान्य आहे. मात्र जागा सार्वजनिक आणि भांडवल खासगी असले की गुंतवणूकदार आपला खर्च वसूल करणारच, आणि तो कोणाकडून व किती, हे करारातील कलमांवरच ठरते.

आमच्या घराजवळच्या मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे गोळाफेक आणि १६०० मीटर धावण्याचा सराव करीत. तेथे कृत्रिम हिरवळ आली, तासाचा दर ठरला, फाटकाला कुलूप लागले. आता तीच मुले उसाच्या ट्रॅक्टरांना चुकवत डांबरी रस्त्यावर धावतात, हे पाहून जीव तुटतो. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव ज्या जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे, त्या जिल्ह्यात हे व्हावे!

म्हणून निविदेत केवळ सर्वाधिक भाडे देणाऱ्याची निवड न करता, पहाटे आणि शाळा सुटल्यानंतर किती तास मोफत देणार, यालाही गुण असावेत. भागीदाराने उत्पन्न गाळे, उपाहारगृह, जाहिरात आणि रात्रीच्या प्रकाशझोतातील खेळातून मिळवावे. देखभाल ढासळल्यास अनामत रकमेतून कपात व्हावी, मुदत संपताच सर्व बांधकाम सुस्थितीत परत मिळावे, आणि मोफत वेळेचा फलक मराठीत, फाटकाबाहेर, वाचता येईल असा लावणे बंधनकारक असावे.