मदत हवी आहे: यूके डेंटल रजिस्ट्रेशन, सीपीडीचे तास आणि पुण्यातलं सर्टिफिकेट

नमस्कार मंडळी,

यूकेत प्रॅक्टिस करणारे बरेच डेंटिस्ट इथे आहेत, म्हणून विचारते. मी लेस्टरला जनरल प्रॅक्टिसमध्ये आहे. बाळंतपणासाठी पुण्याला गेले, मुक्काम लांबला, आणि परत आल्यावर आता सीपीडीचा, म्हणजे रजिस्ट्रेशन टिकवण्यासाठी करायच्या सततच्या व्यावसायिक शिक्षणाचा, हिशेब जुळवायला बसले आहे.

माझी पाच वर्षांची सायकल ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. लागणाऱ्या १०० व्हेरिफायेबल (पुराव्यानिशी दाखवता येणाऱ्या) तासांपैकी ७१ पक्के आहेत. २०२५ मध्ये शून्य झाले आणि इथलं डेंटिस्टांचं रजिस्टर सांभाळणाऱ्या जनरल डेंटल कौन्सिलला मी तसंच कळवलं. २०२४ चे १२ होते, त्यामुळे लागोपाठच्या दोन वर्षांत किमान १० तासांची अट मोडली नाही. उरलेले २९ यंदाच करायचेत.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. परत निघण्यापूर्वी, यंदा फेब्रुवारीत, पुण्यात रूट कॅनॉलचं दोन दिवसांचं वर्कशॉप केलं. काढलेल्या वरच्या दाढा हातात देऊन मायक्रोस्कोपखाली दुसरा मेसिओबक्कल कॅनॉल (दाढेच्या मुळातली, सहज न सापडणारी नळी) शोधायला लावला होता. सर बाजूला उभं राहून अल्ट्रासॉनिक टिप कुठे टेकवायची ते दाखवत होते. इतकं शिकायला मला इथल्या कुठल्याच कोर्समध्ये मिळालेलं नाही. सर्टिफिकेटवर मात्र तारीख, सह्या आणि आपल्याकडच्या सीडीईचे (भारतातल्या डेंटिस्टांच्या सततच्या शिक्षणाचे) पॉइंट्स, एवढंच आहे. तास नाहीत, उद्दिष्टं नाहीत. शिवाय नाव सासरचं, आणि इथल्या रजिस्टरवर मी माहेरच्या नावाने आहे.

कोणी म्हणेल, ते सोड आणि घरबसल्या ऑनलाइन तास भरून टाक. तास तसेही भरतील. पण जे शिकून माझ्या पेशंटच्या दाढा वाचणार आहेत, तेच माझ्या नोंदीत नसावं हे मनाला पटत नाही. भारतातलं सर्टिफिकेट कोणी इथे लावलंय का? आयोजकांकडून नेमकं काय लिहून घ्यायचं? आणि बाळंतपणाच्या रजेपोटी तासांत काही सूट मिळते का?

— मुळामुठा

---

वाटसरू:
अभिनंदन, आणि काळजी करू नका. कोर्स कुठल्या देशात झाला याला महत्त्व नाही. कौन्सिल कोर्सना आधी मान्यता देतही नाही; पुरावा नियमात बसतो की नाही एवढंच बघते. मी मुंबईतल्या एका कोर्सचं असंच लिहून घेतलं होतं.

त्यात विषय, शिकण्याचा मजकूर, हेतू आणि उद्दिष्टं, अपेक्षित डेव्हलपमेंट आउटकम (शिकून काय साधायचं याचे कौन्सिलने ठरवलेले ए, बी, सी, डी गट, त्यांपैकी), तारीख, एकूण तास आणि तुमचं नाव हवं. कोर्सची गुणवत्ता कोणी तपासली त्या व्यक्तीचं किंवा संस्थेचं नाव आणि माहिती पूर्ण व खरी असल्याचं आयोजकांचं विधानही लागतं. बहुतेक ठिकाणी हीच शेवटची दोन वाक्यं राहून जातात.

आयोजकांना नुसतं "नवीन सर्टिफिकेट द्या" म्हणू नका, त्यांना काय हवंय ते कळत नाही. स्वतःच मसुदा करा, कार्यक्रमपत्रिका जोडा आणि संस्थेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी मागा. पॉइंट्स म्हणजे तास नव्हेत. चहा-जेवण वगळून प्रत्यक्ष शिकण्याचे तास लिहायला सांगा. नाव रजिस्टरवर आहे तसंच, सोबत तुमचा रजिस्ट्रेशन नंबर.

---

निशिगंध:
ताई, सूट नाही. बाळंतपण, आजारपण, पार्ट टाइम, कशालाच नाही. मीही तान्हं बाळ घरात असताना हे सगळं केलंय, त्यामुळे तुमची ओढाताण कळते. तान्ह्या बाळाच्या आईला सरसकट तोच आकडा लावणं मला आजही अन्यायाचं वाटतं, पण आज नियम तोच आहे.

सायकल संपण्याआधी अर्ज केला तर जास्तीत जास्त ५६ दिवसांचा ग्रेस पीरियड मागता येतो. त्यात केलेले तास जुन्याच सायकलमध्ये जातात, नव्यात धरत नाहीत. त्याच्या भरवशावर राहू नका. तास कमी पडून नाव रजिस्टरवरून निघालं तर परत लागेपर्यंत पेशंटला हात लावता येत नाही.

उरलेल्यात आधी मेडिकल इमर्जन्सी घ्या. सायकलमध्ये १० तास आणि दरवर्षी किमान २ अशी कौन्सिलची शिफारस आहे. ते व्हिडिओ बघून उरकू नका, सगळ्या टीमबरोबर करा. पेशंट खुर्चीत कोसळला की खुर्ची कोण आडवी करणार, ऑक्सिजन कोण आणणार, ९९९ ला फोन कोण करणार हे हाताने करून बघितल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. मग रेडिओग्राफी आणि डिसइन्फेक्शन, प्रत्येकी ५ तासांची शिफारस आहे. तुमचे आधी किती झालेत ते नोंदीत बघा.

---

मुळामुठा:
दोघांचेही मनापासून आभार. मसुदा आजच पुण्याला पाठवला. कार्यक्रमपत्रिका आयोजकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सापडली, त्यात वेळा आहेत. इमर्जन्सीचं प्रॅक्टिस मॅनेजरशी बोलले, पुढच्या महिन्यात सगळ्यांचं एकत्र ठेवतोय. एक राहिलं: माझ्या पीडीपीत (काय शिकायचं याच्या वैयक्तिक आराखड्यात) एंडोचा, म्हणजे रूट कॅनॉलचा, उल्लेखच नाही. वर्कशॉप होऊन गेल्यावर आता तो घातला तर चालेल का?

---

वाटसरू:
चालेल. पीडीपी अधूनमधून बदलत राहणंच अपेक्षित आहे. मागची तारीख मात्र टाकू नका. आजच्या तारखेने बदल लिहा आणि सीपीडीच्या लॉगमधल्या रिफ्लेक्शनमध्ये (शिकण्याचा काय उपयोग झाला त्या टिपणात) त्या दुसऱ्या कॅनॉलबद्दल, आता तुम्ही दाढ उघडताना काय वेगळं करता ते लिहा. आणि सायकल संपल्यावरही पुढची पाच वर्षं सगळी कागदपत्रं जपून ठेवा.