यीस्टची पेशी विभाजनाचा निर्णय कशावरून घेते: आकारावरून की अन्नावरून?

प्रश्न
मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असून सध्या बेकरीच्या यीस्टचे, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचे, पेशीचक्र अभ्यासत आहे. पेशी पुरेशी मोठी झाली की ती जी-१ अवस्थेतील, म्हणजे डीएनएची प्रत बनण्यापूर्वीच्या वाढीच्या काळातील, ‘स्टार्ट’ हा टप्पा ओलांडते आणि त्यानंतर अन्न तुटले तरी हाती घेतलेले विभाजन पुरे करते, असे पुस्तकात दिले आहे. मात्र इथेनॉलवर वाढणाऱ्या पेशींना ग्लुकोजवरील पेशींपेक्षा लहान आकारातच कळी (जिच्यातून नवी पेशी बनते तो फुगवटा) फुटते, असेही पुढे म्हटले आहे. मग आकाराची अट नेमकी कोणती, आणि चयापचयाचे काम केवळ ऊर्जा पुरवण्याचे आहे का?

उत्तर १
अट आहे, पण ती कायमची ठरलेली नाही. अन्न ती वरखाली करते. जॉन्स्टन, प्रिंगल आणि हार्टवेल यांनी १९७७ मध्ये दाखवले की चक्राचा वेग सहसा वाढीवर अवलंबून असतो आणि किमान आकार गाठेपर्यंत पेशी ‘स्टार्ट’पाशी थांबते. सूक्ष्मदर्शकाखाली हे स्वच्छ दिसते: विलग झाल्यावर मूळच्या मातृपेशीला लवकरच नवी कळी येते, तर कळीतून लहान जन्मलेली कन्यापेशी बराच वेळ नुसती वाढत राहते. अन्न निकृष्ट असेल तर कन्यापेशी आणखी लहान जन्मते आणि हे अंतर वाढते.

आतली यंत्रणा अशी, की व्ही५ (Whi5) हे प्रथिन विभाजनाची जनुके दाबून धरते आणि सीएलएन३ हे सायक्लिन, म्हणजे पेशीचक्र पुढे नेणारे प्रथिन, सीडीके१ या फॉस्फेट जोडणाऱ्या विकराच्या मदतीने तो दाब हटवते. सीएलएन३ काही मिनिटांतच नष्ट होत असल्याने त्याचे प्रमाण त्या घडीला पेशीत प्रथिननिर्मिती किती जोरात चालली आहे, यावर ठरते, आणि ती निर्मिती टॉर व पीकेए या पोषणसंवेदी मार्गांच्या हाती असते. ग्लुकोज मुबलक असताना हाच पीकेए मार्ग सीएलएन१ या दुसऱ्या सायक्लिनला आवर घालतो, म्हणून तिथे आकाराचा उंबरठा उंच असतो. तुमच्या पुस्तकातील विसंगती इथे सुटते.

उत्तर २
वरील उत्तरात चयापचय अजूनही बाहेरचाच घटक वाटतो, म्हणून थोडी भर घालतो. बेंजामिन तू, मॅकनाइट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये केमोस्टॅटमध्ये, म्हणजे ताजे द्रावण सतत पुरवणाऱ्या पात्रात, मोजके ग्लुकोज देऊन यीस्ट वाढवले, तेव्हा ऑक्सिजनचा वापर दर चार-पाच तासांनी चढत-उतरत राहिला, निम्म्याहून अधिक जनुके त्या तालावर चालली आणि डीएनएची प्रत श्वसन मंदावलेल्या काळात बनली. पुढे याच गटाला आढळले की असिटिल-कोए हा चयापचयातला रेणू वाढला की वाढीच्या जनुकांवरील हिस्टोनचे (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांचे) असिटिलीकरण होते, म्हणजे त्यांना असिटिल गट जोडले जाऊन ती जनुके चालू होतात, आणि त्या जनुकांत सीएलएन३ चेही जनुक आहे. तेव्हा चयापचयातला एक साधा रेणूच इथे निरोप्याचे काम करतो. डीएनएला ऑक्सिडेशनपासून वाचवण्यासाठी ही विभागणी झाली, हा तर्क मला आकर्षक वाटतो, पण वाढीचा वेग बदलला की हे टप्पे एकमेकांवर सरकतात, म्हणून तो जपूनच वापरावा.

उत्तर ३
उलट दिशाही, म्हणजे विभाजनाचा चयापचयावर होणारा परिणामही, ध्यानात घ्यावी. मंद वाढणाऱ्या पेशी ट्रेहॅलोज आणि ग्लायकोजेन ही कर्बोदके कणगीतल्या धान्यासारखे साठवतात, आणि चक्र पुढे सरकताच सीडीके१ स्वतः एनटीएच१ या ट्रेहॅलेज विकराला फॉस्फेट जोडून साठ्यातील ट्रेहॅलोज मोडायला लावते. तरीही चयापचय विभाजनाचे निव्वळ ताबेदार ठरत नाही, कारण हाइनेमान यांच्या गटाने २०१७ मध्ये एकेकट्या पेशींत एनएडीएच आणि एटीपी या ऊर्जेशी निगडित रेणूंची आवर्तने मोजली, तेव्हा विभाजन थांबलेल्या पेशींतही ती चालूच असल्याचे दिसले.