नडगीला भेगा, अंगाला खाज: साबण बदलावा की लोशन?

गोदाकाठ:
घरात दोघींच्या कातडीचा प्रश्न आहे. आई 68 वर्षांची. तिच्या नडग्यांवर आटलेल्या तळ्यातल्या गाळासारख्या बारीक भेगा पडल्यात आणि रात्री खाज सुटते. मुलगी 6 वर्षांची. तिच्या कोपराच्या घडीत आणि गुडघ्यामागे कातडी खरखरीत, लालसर होते. डॉक्टरांनी सौम्य एक्झिमा सांगितलाय. पाणी बोअरचं. साबण ग्रेड 1, 76 टक्के टीएफएमचा आहे, तरी अंग ताणतं. 'सेन्सिटिव्ह स्किन' लिहिलेल्या बॉडी वॉशने मुलीला उलट जास्त आग होते. अंघोळीनंतर लोशन लावतो, दोन तासांत परत कोरडं. वेष्टनावर काय बघून घ्यायचं आणि किती लावायचं? खर्च महिन्याला पाचसहाशेत बसवायचाय.

साबणकार:
आधी अंग धुणं सुधारा, लोशन नंतर. धुताना जे निघून जातं ते लोशनने पुरतं भरून निघत नाही.

टीएफएम म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्धाम्लांचं प्रमाण. भारतीय मानकात ग्रेड 1 ला किमान 76, ग्रेड 2 ला 70, ग्रेड 3 ला 60 टक्के. आकडा मोठा असला की वडीत भराव कमी आणि ती सावकाश झिजते. सौम्यपणाचं ते माप नाही. 80 टक्क्यांचा साबणही साबणच, त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, 7 च्या वर अल्कली) 9 ते 10. कातडीचा 5 च्या आसपास. त्या अल्कलीने वरचा थर फुगतो, पेशींमधली चरबी फेसाबरोबर निघून जाते आणि अंग कोरडं झालं की ताणतं.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं. साबण त्यांच्याशी जुळून चिकट, न विरघळणारी साय तयार होते. तीच बादलीच्या कडेला बसते आणि अंगावरही राहते. म्हणून कितीही तांबे ओतले तरी अंग स्वच्छ वाटत नाही आणि लोक आणखी चोळतात. पाण्यातले हे क्षार काढणारं यंत्र, म्हणजे वॉटर सॉफ्टनर, मात्र लगेच घेऊ नका. एक्झिमा असलेल्या मुलांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. साबण बदलणं स्वस्त पडतं.

घ्यायचं ते सिंडेट बार, म्हणजे साबणाऐवजी कृत्रिम स्वच्छकांची वडी. घटकांच्या यादीत पहिलंच नाव सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट किंवा सोडियम लॉरॉइल आयसेथिओनेट हवं. सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नेलेट, सोडियम टॅलोएट ही नावं सुरुवातीला असली तर तो नेहमीचाच साबण, जाहिरात काहीही म्हणो. 'बेदिंग बार' या शब्दावर जाऊ नका, कमी टीएफएमचा साबणही त्याच नावाने विकतात. सिंडेट बोअरच्या पाण्यातही साय धरत नाही, तुमच्याकडे तोच मोठा फायदा. फक्त वडी पाण्यात पडू देऊ नका, लिबलिबीत होऊन आठवड्यात संपते. जाळीच्या डबीत ठेवा.

बॉडी वॉशच्या यादीत सोडियम लॉरिल सल्फेट सुरुवातीला असेल तर टाळा. कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड यांच्यावर आधारलेले बरे. तुमच्या मुलीला आग होते त्यात सुगंधाचा संशय मी आधी घेईन. 'सेन्सिटिव्ह' हा बाटलीच्या पुढच्या बाजूचा शब्द आहे, मागची यादी वाचा. परफ्यूम, फ्रॅग्रन्स, लिनालूल, लिमोनीन दिसलं की परत ठेवा. 'अनसेंटेड' आणि 'फ्रॅग्रन्स-फ्री' एक नव्हे. पहिल्यात मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षकही (माल खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन) बघा. अंगावर राहणाऱ्या क्रीम-लोशनांत ते युरोपीय संघाने 2017 पासून बंद केलंय, कारण ॲलर्जीच्या तक्रारी फार वाढल्या होत्या.

अंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटं. फेस काखा, जांघा आणि पावलांना. हात, पाय, पाठ यांना मळ नसेल तर नुसतं पाणी पुरतं. आईच्या नडग्यांना तर साबण लागूच देऊ नका. नायलॉनची घासणी बंद. वज्री टाचेपुरती, नडगीवर कधीच नाही.

औषधपेटी:
आता लावायचं काय ते. मॉइश्चरायझरमध्ये तीन कामं असतात. पाणी धरून ठेवणं (ग्लिसरीन, युरिया), खरखरीतपणा भरून काढणं (तेलं, शिया बटर, सेरामाइड) आणि वरून झाकण घालणं (पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन, डायमेथिकोन). तुमचं लोशन दोन तासांत संपतं कारण लोशनमध्ये बहुतांश पाणी असतं. ते उडून गेलं की झाकण पातळच उरतं. नडगीला क्रीम किंवा मलम हवं. झाकण म्हणून पेट्रोलियम जेलीच्या तोडीचं दुसरं काही नाही आणि तीच सगळ्यांत स्वस्त. बिनवासाची, पांढरी घ्या. 'बेबी' लिहिलेल्या काही डब्यांत सुगंध असतो.

मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन 10.2 टक्के आणि व्हाइट सॉफ्ट पॅराफिन 13.2 टक्के असं क्रीम मिळतं. नाव कंपनीगणिक वेगळं, म्हणून प्रमाण सांगून मागा. मुलीसाठी आणि आईच्या बाकी अंगासाठी ते पुरेसं आहे.

किती लावायचं इथे बहुतेकांची गफलत होते. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी 25 ते 30 ग्रॅम लागतं. म्हणजे 100 ग्रॅमची ट्यूब तीन-चार अंघोळींत संपायला हवी. महिनाभर पुरते तेव्हा लावलंच जात नाहीये. मोजायला सोपं माप: ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. गुडघ्याखालचा एक पाय, पाऊल सोडून, तीन रेघा. दोन्ही पायांना मिळून तीन ग्रॅम, दिवसातून दोनदा सहा, महिन्याला 180. आईच्या नडग्यांसाठी अर्ध्या किलोचा डबा पावणेतीन महिने जाईल. मुलीचा एक्झिमा अंगभर असता तर आठवड्याला 250 ग्रॅम किंवा जास्तही लागलं असतं. सध्या घड्यांना क्रीम भरपूर आणि बाकी अंगाला जेलीचा पातळ हात, असं केलं तर खर्च आवाक्यात राहील.

लावायची वेळ: टॉवेलने टिपा, पुसू नका, आणि कातडी ओलसर असतानाच तीन मिनिटांच्या आत लावा. जेली तळहातांत चोळून पातळ करा, मग केसांच्या दिशेने खाली ओढत लावा. उलट घासलं की केसांच्या मुळाशी बारीक पुळ्या येतात. तशा आल्याच तर जेली थांबवून क्रीमवर या. चैत्र-वैशाखात जेलीखाली घामोळंही येतं, त्या दिवसांत मुलीला फक्त क्रीम.

आईला युरिया 10 टक्के चांगला लागू पडेल, पण भेगा उघड्या असताना लावला तर चरचर होते आणि म्हातारी माणसं दुसऱ्या दिवसापासून हात लावू देत नाहीत. आधी भेगा मिटेपर्यंत जेली, मग युरिया. मुलीला युरिया नको.

डब्यात ओली बोटं घालू नका. कोरड्या, स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर क्रीममध्ये जंतू वाढतात.

गोदाकाठ:
दोघांचेही आभार. आईचा आग्रह खोबरेलाचा आहे आणि मुलीला दूध-बेसन लावावं असं म्हणते. काय सांगू तिला?

रानजाई:
खोबरेलाला हो म्हणा, दूध-बेसनाला नाही. खोबरेल ओल्या अंगावर लावलं तर सौम्य कोरडेपणाला चांगलं काम देतं, पण जेलीइतकं टिकत नाही, म्हणून भेगांच्या जागी पुरणार नाही. ऑलिव्ह आणि मोहरीचं तेल मुलीला नको. ऑलिव्हमधलं ओलेइक आम्ल कातडीचं कुंपण सैल करतं, मोहरीचं जळजळतं. टाचांना कोकमतेल छान, गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात. ते घट्ट वडीच्या रूपात असतं, शरीराच्या उष्णतेच्या आसपास वितळतं. चमच्यात किंचित गरम करून कोमट झाल्यावर भेगेत भरायचं आणि वर सुती मोजा.

बेसन कोरडं होताना ओढतं आणि काढताना घासावं लागतं. शिवाय एक्झिमाच्या उघड्या कातडीवर खाण्याचे पदार्थ चोळले तर शरीराला त्याच पदार्थाची ॲलर्जी जडू शकते, लहान मुलांत हा धोका खरा आहे. दिवाळीचं उटणंही तिला हाताच्या पंजापुरतं लावून सण साजरा करा. त्यात संत्र्याची साल, कचोरा, वाळा आणि वरून बहुतेकदा अत्तर असतं.

तेल मात्र अंघोळीनंतर. आधी लावून मग साबणाने काढलं तर उपयोग काय?

साबणकार:
रानजाईताई, एवढंच पटलं नाही. आधी लावलेलं तेल फेसाचा मारा स्वतःवर घेतं, कातडीची चरबी कमी निघते. अट एकच, ते काढायला दोनदा फेस करायचा नाही. न्हाणीत तेल सांडलं तर फरशी निसरडी होते, 68 वर्षांच्या आईंसाठी रबरी चटई टाका.

रानजाई:
हे मान्य. तेलही लावायचं आणि पुन्हा दाबून साबणही, असं बहुतेक घरांत चालतं, म्हणून तसं म्हटलं.

औषधपेटी:
राहिलेलं. नवीन क्रीम थेट अंगभर नको. मुलीच्या दंडाच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावा. ॲलर्जी पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही. बॉडी वॉश मात्र असा लावून ठेवायचा नसतो, तो धुवायचाच.

खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे आणि घरात दुसऱ्यालाही खाजतंय, तर ती खरूज असू शकते. कडेने लाल, मधून साफ असा गोल डाग असेल तर गजकर्ण असण्याची शक्यता मोठी. दुकानदाराने दिलेलं स्टेरॉइड-मिश्र मलम त्यावर लावू नका. लाली दबते, बुरशी पसरते. आईंच्या भेगांतून पाणी किंवा पू आला, तर त्वचारोगतज्ज्ञ. नडग्या सुधारल्या तरी अंगभर खाज राहिली तर साखर, थायरॉइड, मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या आणि चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. लघवीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनीही कातडी कोरडी होते.

आणि आई स्वयंपाक किंवा देवपूजा करत असतील तर हे सांगाच: पॅराफिन किंवा जेली मुरलेलं कापड लवकर पेट घेतं आणि धुतल्यावरही ते पूर्ण निघत नाही. नडगीला जेली रात्री झोपताना लावावी, तेव्हाची साडी किंवा गाऊन वेगळा ठेवावा आणि तो नेसून गॅस किंवा समईजवळ जाऊ नये.