मदत हवी आहे: भाचीचा गुडघा 'बरा' झालाय, पण ती कोर्टवर पाय ठेवत नाही

पाखाडीवरचा

नमस्कार मंडळी. मालवणजवळच्या गावातून लिहितोय. पोस्ट लांबली आहे, सांभाळून घ्या.

भाची 19 वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, शाळेपासून बास्केटबॉल खेळते. गेल्या ऑक्टोबरात एका सामन्यात रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून उसळलेला बॉल पकडायला, उडी मारली आणि खाली आली ती डावा गुडघा आत वळवूनच. कोणाचा धक्का नाही, काही नाही. बाकावरच्या मुलींनीही 'टक्' असा आवाज ऐकला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट, पूर्ण तुटलेलं निघालं. नोव्हेंबरात कोल्हापूरला ऑपरेशन झालं, मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंगचा धागा काढून नवं लिगामेंट बसवलं. येताना फोंडा घाटात गाडी वळणाला लागली की ती डोळे मिटून सीटची कड धरायची, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

त्यात आमचं घर पाखाडीच्या वरच्या टोकाला. जांभ्याच्या चाळीसेक पायऱ्या, प्रत्येकीची उंची वेगळी. कुबड्या घेऊन पहिल्यांदा वर चढायला तिला पाऊण तास लागला. फिजिओ कणकवलीला, आधी आठवड्यातून दोनदा, मग महिन्यातून एकदा. पावसात एसटी चुकली की तो दिवस गेला.

आता दहा महिने झालेत. शेवटच्या तपासणीत सर्जन म्हणाले, हळूहळू खेळायला सुरुवात कर. ओहोटीला घट्ट वाळूवर ती धावते, सायकल चालवते. पण बॉल हातात घेत नाही. कोचचे फोन येतायत, झोनल स्पर्धा तोंडावर आहेत. गणपतीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याने तेच विचारलं. आमची आई तर रोज म्हणते, "गो चेडवा, पाय बरो झालो मगे घरात कित्याक बसलंस?"

या सगळ्यात डेरिक रोझ, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला खेळाडू, कुठून आला ते सांगतो. मी त्याचा जुना भक्त. दुकान उघडायच्या आधी पहाटे सामने बघायचो आणि ही सहा-सात वर्षांची पोर मांडीवर बसून बघायची. 2011 मध्ये तो 22 व्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, झाला, इतका लहान एमव्हीपी एनबीएत आधी कोणी नव्हता. पुढच्याच वर्षी 28 एप्रिलला, फिलाडेल्फियाविरुद्ध प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) पहिल्या सामन्यात, त्याचा शिकागो संघ 12 गुणांनी पुढे आणि दीड मिनिटही उरलेलं नसताना त्याच्या डाव्या गुडघ्याचं एसीएल तुटलं. हिचाही डावाच.

पुढचा सगळा इतिहास हिने वहीत लिहून ठेवलाय. 2012-13 चा अख्खा मोसम तो बाहेर. मार्चमध्ये डॉक्टरांनी परवानगी दिल्याच्या बातम्या आल्या, तरी तो उतरला नाही आणि लोकांनी त्याला सोललं. मग परतला, आणि दहा सामन्यांत, 22 नोव्हेंबर 2013 ला पोर्टलंडमध्ये उजव्या गुडघ्याचा मेनिस्कस (आतली गादी) फाटला. फेब्रुवारी 2015 मध्ये पुन्हा उजवाच. 2017 मध्ये डाव्याचा मेनिस्कस.

परवा वही माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "मामा, तो वर्षभर थांबला तरी झालंच ना? मग थांबून काय मिळालं?" माझी बोलती बंद.

तर विचारायचं आहे ते असं. हे गुडघ्याचं आहे की मनातली भीती, ते कसं ओळखायचं? घरच्यांनी तिला जरा ढकलावं, की गप्प बसावं? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

सुकी खाडी

ढकलू नका हो. मी चिपळूणकडचा, कबड्डी. एसीएल झालं तेव्हा 23 चा होतो. सातव्या महिन्यात गावच्या संघात माणूस कमी पडला, सगळे म्हणाले उभा तरी राहा. उभा कोण राहतो? दुसऱ्याच चढाईत मागे वळलो आणि तेच लिगामेंट पुन्हा गेलं. ज्यांनी बोलावलं होतं त्यातला एकजण हॉस्पिटलात नारळपाणी घेऊन आला होता, बाकीचे स्पर्धेत. आता मी पंच म्हणून उभा असतो.

रापणकर

राग मानू नका, पण कुठे एनबीएतला करोडपती आणि कुठे आपली एसटी. त्याच्या दिमतीला संघाचे डॉक्टर, फिजिओ. अशा वह्या लिहून पोरगी अजून घाबरणार. वही बंद करा. आमच्या गावात एक हाडवैद्य आहे, तेल लावून गुडघा असा मोकळा करतो की बस.

तिसरा मजला

रापणकर, तेल राहू द्या. ऑपरेशन झालेला गुडघा कोणाच्याही हाती देऊ नये.

पाखाडीवरचा, वहीतल्या नोंदी बरोबर आहेत, फक्त त्यावरून भाचीने काढलेला निष्कर्ष चुकलाय. रोझचं तुटलेलं डावं एसीएल पुन्हा तुटलं नाही. ज्यासाठी तो थांबला, ते टिकलं. 2013 ला गेला तो दुसरा पाय, आणि तिथेही गेला तो मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी. ती गादी पहिल्यांदा शिवली म्हणून मोसम गेला. 2015 ला फाटका तुकडा काढून टाकला, म्हणून तो त्याच मोसमात एप्रिलला परत आला आणि मे महिन्यात क्लीव्हलंडविरुद्ध शेवटच्या क्षणी तीन गुणांची बास्केट मारून सामना जिंकवला. शिवलं तर जास्त थांबायचं पण गादी शाबूत, काढलं तर लवकर खेळायचं पण गादी कमी. सगळं एकाच मापाने मोजलं तर असा गोंधळ होतो.

आणि वहीत 31 ऑक्टोबर 2018 आहे का? मिनेसोटाकडून युटाविरुद्ध 50 गुण. सामना संपल्यावर ढसाढसा रडला होता. नसेल तर लिहायला सांगा.

फिजिओताई

मी याच क्षेत्रात आहे. भाचीला तपासलेलं नाही, म्हणून सर्वसाधारणच लिहिते.

'दहा महिने झाले' हे उत्तर नव्हे, तो फक्त एक आकडा आहे. नऊ महिन्यांच्या आत परतलेल्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच जास्त असतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वे-अमेरिकेच्या संयुक्त अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं तितक्या वेळा हा धोका साधारण निम्मा होत गेला. त्यामुळे नऊ महिने हा उंबरठा झाला. पण उंबरठा ओलांडला म्हणजे पाय तयार, असं नाही. बसवलेला ग्राफ्ट, म्हणजे हॅमस्ट्रिंगचा तो धागा, सुरुवातीच्या महिन्यांत उलट कमजोर होतो, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरून त्याचं लिगामेंट व्हायला पुष्कळ वेळ जातो. गंमत म्हणजे सूज उतरून माणसाला 'आता बरं वाटतंय' वाटतं ते नेमकं याच काळात. सुकी खाडी यांचा सातवा महिना म्हणजे हेच.

पाहायचं काय? दोन्ही मांड्यांची ताकद मोजून ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या किमान 90 टक्के आहे का. एका पायावर लांब उडी, तीन सलग उड्या, त्यातही तेवढाच फरक चालतो. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, उडीवरून खाली येताना गुडघा आत झुकतो का. ती पडली ती अशीच ना? बास्केटबॉलमध्ये मुलींना एसीएलचा त्रास मुलांपेक्षा जास्त होतो आणि बहुतेक वेळा धक्क्याशिवायच. दुसऱ्या पायाची भीतीही अगदी खोटी नाही, तरुण खेळाडूंमध्ये तो धोका असतो. म्हणून व्यायाम दोन्ही पायांचा करून घ्यायचा.

भीती मोजायलाही 12 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, एसीएल-आरएसआय. तुमच्या फिजिओंना विचारा.

सर्जनच्या 'हळूहळू' या शब्दाचा अर्थ एकट्याने शूटिंग, मग ठरवलेल्या दिशेने पळणं-वळणं, मग संघासोबत सराव, आणि सामना सर्वात शेवटी. झोनल हे 'हळूहळू' नाही.

पाखाडीवरचा

सगळ्यांचे आभार. रापणकर, तुमचाही राग नाही, आमच्याकडे तेलाची बाटली आईने कधीच आणून ठेवली होती.

फिजिओताईंचं वाचून भाचीने कणकवलीला स्वतःच फोन केला. काल गेलो होतो. त्यांनी फूटभर उंच ठोकळ्यावरून खाली उडी मारायला लावली आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपलं. पहिल्याच उडीत दिसलं, डावा गुडघा आत जातोय. ताकद मोजली तर उजव्याच्या 78 टक्के. एका पायावरच्या उडीतही डावा बराच मागे.

मला वाटलं रडेल. ती हसली. बाहेर येऊन म्हणाली, "म्हणजे मी भित्री नाही मामा, पायच खोटं बोलत नव्हता." पावसातले बुडालेले दिवस आणि घरात स्क्वॉटला (वजन घेऊन मारायच्या बैठकांना) वजन नाही, असं कारण फिजिओंनी सांगितलं. आता आठवड्यातून तीन दिवस वजनाचा व्यायाम, सहा आठवड्यांनी पुन्हा मोजणी. कोचला तिनेच कळवलं की या मोसमात नाही. ते जरा नाराज झाले, होऊ देत.

वहीत 50 गुणांची नोंद नव्हती. खालून दुसऱ्या ओळीत आता आहे, त्याच्या खाली '2024 निवृत्त'.

दोन छोटे प्रश्न उरलेत. बारबेल, म्हणजे वजनं लावायचा दांडा, मालवणात कोणाकडे जुना मिळेल का, की गोणीत वाळू भरून भागेल? आणि पायऱ्यांवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडरने जातं, पण दोन पावसांत परत येतं. जांभ्यावर टिकेल असा काही उपाय कोणी केला आहे का?

सुकी खाडी

वाळू सुरुवातीला चालेल, पण ओली भरू नका, वजन रोज बदलतं. पायऱ्यांना आम्ही टाकीचे घाव घालून घेतले, आडव्या खाचा. पाय घसरत नाही. गवंड्याला एक दिवस लागतो.