तोलेंतिनो हे आडनाव कुठलं? ठाण्याच्या थॉमसशी त्याचा काही संबंध आहे का?

खोपट_नाका

ठाण्यातल्या एका ईस्ट इंडियन (इथला जुना कॅथलिक समाज) कुटुंबाची वंशावळ लिहून काढायला घेतली आहे. आडनाव तोलेंतिनो. रेशनकार्डावर टोलेंटिनो, शाळेच्या दाखल्यावर टॉलेन्टिनो, माणसं तीच. १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या तोलेंतिनोच्या थॉमसचे आपण वंशज, अशी घरात ठाम समजूत आहे. प्रश्न तीन. हे मुळात इटालियन आडनाव आहे का, आणि तिथे कितपत आढळतं? थॉमसशी नातं लागू शकतं का? कागद शोधायचे तर आधी इटलीतले की इथले? आडनावांच्या एका जागतिक साइटवर पहिला नंबर फिलिपाइन्सचा दिसतोय, त्यामुळे डोकं अजूनच भंजाळलंय.

राबोडी_कट्टा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो लगेच निकालात निघतो. नातं लागत नाही. थॉमस फ्रान्सिस्कन संन्यासी होता, ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेला. त्याला वंशज असते तर १८९४ साली पोप तेरावे लिओ यांनी त्याला 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) ठरवताना जरा जास्तच खोकून घेतलं असतं.

मुख्य म्हणजे तोलेंतिनो हे त्याचं आडनावच नव्हतं. ठाण्यात मारल्या गेलेल्या चौघांची लॅटिन नावं बघा: थोमास दे तोलेंतिनो, याकोबुस दे पादुआ, पेत्रुस दे सेनिस आणि तिफ्लिसचा दिमित्री. सगळ्यांच्या नावापुढे गावच आहे. तोलेंतिनो हे मध्य इटलीत मार्के प्रांतातल्या माचेराता जिल्ह्यातलं छोटं शहर, पादुआ आणि सिएना तर माहीत आहेतच, तिफ्लिस म्हणजे जॉर्जियातलं आजचं तिबिलिसी. आपण 'पैठणचे एकनाथ' म्हणतो त्यातला हा 'चे' आहे. त्यानंतर काही वर्षांतच या चौघांच्या अस्थी ठाण्याच्या बाजूने उचलून चीनला नेणारा ओदोरिकही 'पोर्देनोनेचा' म्हणूनच ओळखला जातो. मागाहून त्याला 'मातिउसी' असं आडनाव चिकटवलेलं दिसतं. '-उसी' हा शेवट ईशान्य इटलीतल्या फ्रिउलीकडचा आहे, म्हणून निदान शोभून तरी दिसतो.

गाव आणि आडनाव यांची गल्लत इटलीतही होते. पंधराव्या शतकातला नामांकित सेनापती निकोलो दा तोलेंतिनो; फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलच्या भिंतीवर त्याचं घोड्यावरचं मोठं चित्र आहे. त्याच्या घराण्याचं नाव मात्र माउरुत्सी. वंशावळीच्या साइटवर त्याला तोलेंतिनो आडनावाखाली टाकणारे पुष्कळ सापडतील.

नेरुळ_पूर्व

आता आडनाव म्हणून. आहे, इटलीत आहे, पण विरळ. रोस्सी, रुस्सो, फेर्रारी, एस्पोसितो यांच्या पंगतीत बसणारं नाही.

गावावरून पडलेलं आडनाव त्या गावात कमी आणि गावाबाहेर जास्त सापडतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पनवेलमध्ये शेजाऱ्याला कुणी पनवेलकर म्हणून हाक मारणार नाही. तो पुण्याला गेला की पनवेलकर. तोलेंतिनोचंही तेच. गाव सोडून नापोली, रोम नाहीतर अंकोनाला गेलेल्या माणसाला तिथले लोक 'तो तोलेंतिनोचा' म्हणणार, आणि पुढच्या पिढीत 'चा' गळणार. दोनशे वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या शहरांत दोन वेगळ्या माणसांचं असं झालं, तर आडनाव एक पण रक्ताचा संबंध शून्य. म्हणून 'या आडनावाचा मूळ पुरुष कोण' हा प्रश्नच इथे लागू पडत नाही. मूळ पुरुष अनेक.

इटलीत आडनावांचे नकाशे दाखवणाऱ्या साइट आहेत, 'माप्पा देई कोन्योमी' असं शोधा. त्या वापरताना तीन गोष्टी सांभाळा. त्यातले बरेचसे नकाशे टेलिफोन डिरेक्टरीवरून केलेले असतात, म्हणजे आकडा माणसांचा नाही, लँडलाइन असलेल्या घरांचा. दुसरं, मिलान, तोरिनो आणि रोम यांचे ठिपके मोठे दिसले तरी सुरुवातीला बाजूला ठेवा. विसाव्या शतकात दक्षिणेकडून सगळे तिकडेच गेले. आपल्याकडे कुठलंही आडनाव मुंबईत भरपूर दिसतं, त्यावरून ते मुंबईचं ठरत नाही. तिसरं, नुसता आकडा न बघता त्या गावच्या लोकसंख्येशी ताडून बघा. दोन हजार वस्तीच्या गावात आठ घरं ही नापोलीतल्या चाळीस घरांपेक्षा कितीतरी वजनदार खूण.

आडनावाच्या शेवटावरूनही प्रदेश बऱ्यापैकी ओळखता येतो. शेवट व्यंजनात झाला, उदाहरणार्थ त्रेविसान, फुर्लान, झानोन, तर व्हेनेतो आणि फ्रिउलीची बाजू. मेलिस, पिरास, कोस्सू म्हणजे सार्डिनिया. 'लागाना'सारखं शेवटच्या स्वरावर आघात असलेलं नाव म्हणजे कालाब्रियातला ग्रीक वारसा. तोलेंतिनोवर ही युक्ती चालत नाही, कारण शेवटाला प्रत्यय नाही, अख्खं गावच आहे.

घोडबंदर_वारा

पण फिलिपाइन्सचं काय? तिकडे इतके असतील तर स्पॅनिश म्हणूनच धरायला हवं ना? आणि गावाच्या नावाची इटालियन आडनावं ज्यूंची असतात असंही ऐकलंय.

नेरुळ_पूर्व

फिलिपाइन्सचा आकडा माणसांच्या पसाऱ्याचा आहे, उगमाचा नाही. तिथे २१ नोव्हेंबर १८४९ रोजी गव्हर्नर क्लावेरियाने हुकूम काढला आणि ज्यांना धड आडनाव नव्हतं त्यांना छापील यादीतून आडनावं वाटली. शिवाय तोलेंतिनोचा संत निकोलस हा ऑगस्टिनियन पंथाचा मोठा संत. त्या पंथाचे धर्मगुरू १५६५ पासून फिलिपाइन्समध्ये, तेव्हा तोलेंतिनो हे नाव तिथे आधीपासून कानावर होतंच. आडनाव वाटून दिलेलं असल्यावर घरांची संख्या कितीही मोठी असो, इटलीशी धागा जुळत नाही.

ज्यूंबद्दल ऐकलंत ते अर्धं बरोबर. १५६९ साली पाचव्या पायस पोपने पेपल, म्हणजे पोपच्या, राज्यातल्या सगळ्या गावांमधून ज्यूंना हाकललं, फक्त रोम आणि अंकोना सोडून. तोलेंतिनो तेव्हा त्याच राज्यात होतं. बाहेर पडलेली कुटुंबं सोडलेल्या गावाचं नाव लावू लागली; रेकानाती, पेसारो, व्होल्तेरा ही आडनावं ज्यू घराण्यांत आहेत, आणि तोलेंतिनो नावाचं ज्यू घराणं डुब्रोव्हनिकला माहीत आहे. पण उलट नियम लावू नका. गावाचं नाव लावणारे ख्रिस्ती याहून किती तरी जास्त. तुमच्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद असेल तर हा प्रश्न तिथेच मिटला.

खोपट_नाका

भरपूर मिळालं, आभार. एक अडलंय. एकोणिसाव्या शतकातल्या बाप्तिस्म्याच्या एका नोंदीचा फोटो हातात आहे, भाषा पोर्तुगीज. मुलाच्या बापाचं नाव 'निकोलाउ तोलेंतिनो' आणि त्यापुढे आणखी एक शब्द, 'परेरा' वाटतोय. लिहिणाऱ्याची चूक असेल का? शिवाय 'नातुराल दे साल्सेते' असंही आहे. म्हणजे कुटुंब गोव्याचं?

उत्तन_कोळीवाडा

दादा, चूक अजिबात नाही, तुमचं उत्तरच त्या एका ओळीत आहे.

निकोलाउ तोलेंतिनो हे मिळून एक पाळण्यातलं नाव आहे. संत निकोलस तोलेंतिनोचा, १२४५ ते १३०५, संतपद १४४६ साली. गंमत म्हणजे त्याचाही जन्म तोलेंतिनोचा नाही, सांत आंजेलो इन पोंतानोचा; तोलेंतिनोला तो राहिला आणि तिथेच वारला. पोर्तुगीज लोक संताचं नाव ठेवताना गावासकट ठेवत, जसं 'फ्रान्सिस्को झेव्हियर'मधलं झेव्हियर मुळात नावारेतल्या एका ठिकाणाचं नाव आहे आणि आज झेव्हियर आडनावाचीही माणसं आहेत. अठराव्या शतकातला पोर्तुगीज कवी निकोलाउ तोलेंतिनो दे आल्मेदा याचंही आडनाव आल्मेदा. तुमच्या नोंदीतल्या माणसाचं आडनाव परेरा. पुढच्या पिढीत कारकुनाने मधला शब्द आडनाव धरला आणि परेरा गळालं. परेरा, डिमेलो, गोन्साल्विस अशा आडनावांच्या गर्दीत माणूस ओळखायला मधलं नाव जास्त उपयोगी, म्हणून तेच टिकलं.

ताळा करायचा असेल तर त्या निकोलाउची स्वतःची बाप्तिस्म्याची नोंद काढा आणि तारीख बघा. संत निकोलसचा सण १० सप्टेंबरला. जन्म किंवा बाप्तिस्मा त्याच्या आसपास निघाला तर नाव पंचांगातूनच आलं. तारीख जुळली नाही तर गॉडफादरचं नाव वाचा, 'पाद्रिन्यो' या शब्दापुढे असतं. मुलाला गॉडफादरचं नाव देण्याची पद्धत होती. मग त्याच निकोलाउच्या भावंडांच्या नोंदी काढा. भावंडं नुसती परेरा असतील तर पुढे काही सिद्ध करायचं उरत नाही. भावंडांनाही तोलेंतिनो लावलेलं असेल तर एक पिढी अजून मागे जा.

आता 'साल्सेते'. इथे भलेभले घसरतात. पोर्तुगीज कागदात साल्सेते दोन आहेत. एक गोव्यातला, मडगावच्या बाजूचा तालुका. दुसरं म्हणजे आपली साष्टी, ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचं बेट. दोघांचं स्पेलिंग कागदावर एकच पडतं. फरक करायचा तर पुढचा शब्द वाचा. पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीच्या, नावासोबत 'ताना' किंवा 'बासाइं', म्हणजे ठाणे किंवा वसई, आलं तर साष्टी. मडगाव, बेनावली, कुंकळी असं काही आलं तर गोवा. काहीच नसेल तर आईचं गाव आणि साक्षीदारांची गावं बघा. सगळे एका बाजूचे असले की ठरवता येतं. वसई आणि साष्टी १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला, तरी चर्चच्या वह्या पोर्तुगीजमध्ये पुढेही चालू राहिल्या. म्हणून भाषेवरून काळ किंवा गाव ठरवू नका.

आणि १८८७ च्या आधीच्या कागदात 'ईस्ट इंडियन' हा शब्द शोधत बसू नका. समाजाने ते नाव त्या वर्षी, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात घेतलं.

राबोडी_कट्टा

उत्तनवाल्यांचं पटलं. तरी इटलीचा रस्ता पडताळून बघायचा असेल, निदान 'बघितलं, नाही सापडलं' असं लिहिता यावं म्हणून, तर पद्धत सांगतो.

इटलीच्या सरकारी अभिलेखागारांचं 'आंतेनाती' पोर्टल फुकट आहे. त्यात माचेराता अभिलेखागार, मग तोलेंतिनो गाव, मग 'नाती' म्हणजे जन्म, 'मात्रिमोनी' म्हणजे लग्न, 'मोर्ती' म्हणजे मृत्यू, असं खाली उतरत जायचं. नाव टाकून शोधण्यावर विसंबू नका. सगळ्या वह्यांची नावनिशी अजून भरलेली नाही, त्यामुळे 'शून्य निकाल' याचा अर्थ नोंद नाही असा होत नाही. वही उघडून थेट शेवटच्या पानांवर जा, तिथे 'इंदिचे' म्हणजे त्या वर्षाची सूची असते. पण सूची काही ठिकाणी आडनावाने लावलेली असते, काही ठिकाणी पहिल्या नावाने. आधी एक पान वाचून ठरवा, नाहीतर 'त' सापडला नाही म्हणून वही बंद कराल.

नागरी नोंदी नेपोलियनच्या काळात थोड्या वर्षांसाठी झाल्या, मग पोपचं राज्य परत आल्यावर थांबल्या, आणि तेव्हाच्या इटलीभर १ जानेवारी १८६६ पासून पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळासाठी पॅरिशच्या वह्याच. लग्नाच्या नोंदणीवर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६३ साली सक्ती केली, म्हणून त्याआधीचं पॅरिशमध्ये क्वचितच मिळतं.

नोंद वाचताना सर्वांत मोठा सापळा 'दा' आणि 'दी'चा. 'दोमेनिको रोस्सी दा तोलेंतिनो' यात आडनाव रोस्सी, तोलेंतिनो गाव. घाईत नावनिशी भरणारा शेवटचा शब्द आडनाव समजतो आणि एक खोटा तोलेंतिनो जन्माला येतो. 'दी जुझेप्पे' म्हणजे जुझेप्पेचा मुलगा, बाप हयात. 'फू जुझेप्पे' म्हणजे बाप वारलेला, आपलं 'कै.' समजा, या एका अक्षरावरून बापाच्या मृत्यूचं वर्ष दोन नोंदींच्या मध्ये पकडता येतं. साल अक्षरी लिहितात, 'मिल्ले ओत्तोचेंतो' असं सुरू झालं की अठराशे. लग्नाच्या नोंदीबरोबरचे जोडकागद मिळाले तर सोडू नका. त्यात वधूवरांचे जन्मदाखले असतात, आणि बाप वारला असेल तर त्याचा, कधी आजोबांचाही मृत्युदाखला लावलेला असतो. एका लग्नात तीन पिढ्या हाताला लागतात.

खोपट_नाका

१० सप्टेंबरचं तपासलं. त्या निकोलाउचा बाप्तिस्मा १४ सप्टेंबरचा निघाला. भावंडांच्या नोंदींसाठी पॅरिशच्या ऑफिसात अर्ज केलाय. घरच्यांना परेराचं कसं सांगायचं ते बघतो, आजोबांच्या खोलीत थॉमसची तसबीर आहे.

उत्तन_कोळीवाडा

तसबीर राहू दे की. अर्जात 'परेरा' आणि 'तोलेंतिनो' दोन्ही नावांनी शोध घ्यायला लिहा, नाहीतर ऑफिसातले फक्त त-च्या पानांवर बघून 'नाही' म्हणून परत पाठवतील.