ॲल्युमिनियम चमकतं, तांबं का नाही?

प्रश्न असा: ८-हायड्रॉक्सीक्विनोलिन (धातूला धरून ठेवणारा सेंद्रिय रेणू, म्हणजे लिगंड) ॲल्युमिनियमसोबत अतिनील दिव्याखाली पिवळसर हिरवं चमकतं, मग तांब्यासोबत काळोख का. खरं कारण धातूच्या डी-इलेक्ट्रॉनांत (अणूच्या डी-कवचातल्या इलेक्ट्रॉनांत) आहे. धातूशिवाय नुसता लिगंड फिकाच चमकतो, कारण उत्तेजित अवस्थेत त्याचा ओएचवरचा प्रोटॉन नायट्रोजनकडे सरकतो आणि ऊर्जा उष्णतेत जाते. ॲल्युमिनियम त्या प्रोटॉनची जागा घेतो: तीन लिगंड, अष्टफलकीय रचना, सांगाडा घट्ट. त्याच्याकडे डी-इलेक्ट्रॉनच नाहीत. जस्ताचं डी-कवच पूर्ण भरलेलं, म्हणून तेही चमकतं. तांब्याच्या डी-९ मध्ये (डी-कवचात नऊच इलेक्ट्रॉन, एक जागा रिकामी) मात्र खालच्या ऊर्जेच्या डी-डी अवस्था असतात, ऊर्जा तिथूनच निसटते.

करून बघायचं तर १०० मिली इथेनॉलमध्ये १४.५ मिग्रॅ लिगंड आणि १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात ४७.४ मिग्रॅ पोटॅश तुरटी (ॲल्युमिनियम हिच्यातूनच येतं), म्हणजे दोन्ही १ मिलिमोलर. ३ मिली लिगंड, १ मिली तुरटी, ६ मिली ॲसिटेट बफर (पीएच ५.५ ते ६ वर स्थिर ठेवणारं द्रावण). गढूळ होईल, घाबरू नका. १० मिली क्लोरोफॉर्ममध्ये ओढून घ्या (फ्यूम हूडमध्येच) आणि ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरा. फ्लुओरिमीटरवर (चमक मोजणाऱ्या यंत्रावर) मोजताना आणखी दहापट पातळ करा, ॲब्सॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश शोषतं त्याचं माप) ०.१ च्या वर गेला की आकडे फसवतात.

पुण्यात नळाचं पाणी ब्लँकला (तुलनेसाठीच्या, तुरटी न घातलेल्या नमुन्याला) अजिबात नको, शुद्धीकरणातला ॲल्युमिनियमचा अंश उरलेला असू शकतो. बोहरी आळीतली खडा तुरटी नुसतं बघायला चालेल, मोजमापाला एआर ग्रेडच (प्रयोगशाळेतली शुद्ध प्रत) घ्या. तुरटीत लोह असेल तर कॉम्प्लेक्स (धातू आणि लिगंडची जोडणी) काळपट हिरवं होऊन प्रकाशच गिळतं.