चार वाजताचा इंग्रजी चहा कसा करायचा?

सुदामानगरची_मावशी: नमस्कार मंडळी, मी इंदूरची. माझा भाचा मँचेस्टरला असतो, डिसेंबरात तो, भाचेसून आणि तिचे आईवडील आपल्याकडे येतायत, पहिल्यांदाच भारतात. एका दुपारी चहाला घरी बोलवायचंय. इथल्या एका हॉटेलात चौकशी केली तर म्हणे 'हाय टी' घ्या, समोसा, पेस्ट्री, सँडविच सगळं मिळेल. तिकडे खरंच असंच असतं का? आणि स्कोन, म्हणजे ते छोटे गोडसर पाव, त्यांच्याबरोबर जे क्रीम लागतं ते इथे कुठे मिळेल? मला मनापासून त्यांना आवडेल असं करायचंय.

लीड्सकर: मावशी, मी बारा वर्षं इकडे इंग्लंडात आहे. आधी हा 'हाय टी'चा घोळ. चार वाजताचा तो आफ्टरनून टी. १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲनानं सुरू केला म्हणतात, कारण दुपारचं जेवण हलकं आणि रात्रीचं आठला, मध्ये भूक लागायची. हाय टी म्हणजे कामगार कुटुंबांचं संध्याकाळचं जेवणच, जेवणाच्या टेबलावर, चहाबरोबर मांस, 'पाय' (सारण भरून भाजलेली पेस्ट्री), ब्रेड, चीज. हॉटेलवाल्यांनी नुसतं भारी वाटतं म्हणून नाव उचललंय. आणि मुख्य म्हणजे तीन मजली ताटल्यांचा तो थाट इकडे रोज कोणी करत नाही हो, तो वाढदिवसाला वगैरे. घरी मगमध्ये टीबॅग, थोडं थंड दूध आणि बरोबर डायजेस्टिव्ह नाहीतर रिच टी बिस्किट, तेही चहात बुडवून, अगदी आपल्यासारखंच.

राजवाड्याजवळ: ताई, क्रीमचं मी सांगते, कारण मी करून बघितलंय. क्लॉटेड क्रीम म्हणजे आपल्या सायीची सख्खी बहीण, क्रीम पसरट भांड्यात तासन्‌तास मंद तापवून न हलवता गार करतात. म्हशीचं फुल फॅट दूध रुंद पातेल्यात अगदी मंद आचेवर ठेवा, उकळी फुटू देऊ नका, मग रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी जाड साय अलगद उचला. विरजणासाठी साठवलेली आंबूस साय नको. स्कोनला २२५ ग्रॅम मैदा, तीन चमचे बेकिंग पावडर, ५० ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळायचं, २५ ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, १५० मिली दूध. फार मळायचं नाही, इथेच सगळे चुकतात, पोळीची कणीक नाहीये ती. जाड थापून वाटीनं कापा, २२० डिग्रीला १२-१५ मिनिटं. इंग्लंडातले डेव्हन भागातले लोक आधी क्रीम मग जॅम लावतात, शेजारचे कॉर्नवॉलवाले उलटं, तुम्ही दोन्ही वाट्या समोर ठेवा, त्यांचं ते लावतील.

लीड्सकर: काकडीचं सँडविच करायचं तर चकत्यांना मीठ लावून पाणी काढा आणि लोणी ब्रेडच्या कडेपर्यंत लावा, नाहीतर ब्रेड भिजतो. आणि आपला इंदुरी जिरावन मसाला त्यात नको प्लीज. चहा किटलीत तीन-चार मिनिटं मुरवून गाळा, दूध वेगळं द्या, म्हणजे रंग बघून ज्याला जितकं हवं तितकं घालता येतं. आलं घालून उकळलेला आपला चहा दुसऱ्या फेरीला करा, तो प्रत्येकानं घ्यायलाच हवा असं नाही.

सराफा_रात्री१०: मावशी माझं स्पष्ट मत, स्कोन ते घरी खातातच. डिसेंबरात इंदूरला येऊन गराडू (तो हिवाळ्यातला कंद) न खाता जायचं म्हणजे काय! गरम तळलेला गराडू, वर मसाला, लिंबू पिळून. तिखट बेताचं ठेवा. शिवाय तुमच्या हातची चकली आणि चिवडा, हे त्यांना हॉटेलात कुठे मिळणार.

सुदामानगरची_मावशी: सगळ्यांचे मनापासून आभार, हॉटेलचं रद्द. स्कोन, साय, घरचा आवळ्याचा मुरंबा जॅमच्या जागी आणि गराडू एवढंच करते. भाच्याला विचारलं तर म्हणाला भाचेसुनेची आई डेव्हनची आहे, म्हणजे सायीची वाटी आधी पुढे करायला हवी. आज अर्ध्या मापाचे स्कोन करून बघितले, खालून जरा करपले, माझ्या ओव्हनला २२० जास्त होतंय बहुतेक. रविवारी २०० वर करून सांगते.